प्लेटोवाद : तत्त्वज्ञान जगण्याची साधना कसे बनले?

प्लेटो म्हटले की बहुतेकांना आठवते ती राज्यशास्त्राच्या पुस्तकातली आदर्श राज्याची कल्पना. पण प्राचीन काळी प्लेटोचा अनुयायी होणे म्हणजे जगण्याची पद्धत बदलणे होते. काय खायचे, पैशाकडे कसे पाहायचे, मरणाची भीती कशी घालवायची, हे सगळे त्यात येत असे.

मूळ कल्पना काय?

प्लेटोने इ.स.पू. ३८७च्या सुमारास अथेन्समध्ये अकादमी सुरू केली. डोळ्यांना दिसणारे जग सतत बदलते. न्याय, सौंदर्य, चांगुलपणा यांची मूळ रूपे मात्र कायम टिकतात आणि ती फक्त बुद्धीला उमगतात, असा त्याचा विचार. त्याच्या ‘फीडो’ या संवादात सॉक्रेटिस तत्त्वज्ञानाला मरणाचा सराव म्हणतो. म्हणजे जिवंतपणीच आत्म्याला शरीराच्या ओढीतून मोकळे करायचे. ‘थिएटिटस’मध्ये ध्येय सांगितले आहे ते शक्य तेवढे ईश्वरासारखे होण्याचे, म्हणजेच विवेकी आणि न्यायी होण्याचे.

प्लॉटायनस कोण होता?

या विचाराला पूर्ण साधनेचे रूप दिले ते प्लॉटायनसने (सुमारे इ.स. २०५–२७०). तो अलेक्झांड्रियात अमोनियस साकास या गुरूकडे ११ वर्षे शिकला. नंतर रोममध्ये शिकवू लागला. त्याच्या श्रोत्यांत सिनेटर होते, वैद्य होते, स्त्रियाही होत्या. त्याचा शिष्य पॉर्फिरी याने त्याचे ५४ निबंध नऊ-नऊच्या सहा गटांत लावले. हाच ‘एनिअड्स’ हा ग्रंथ.

साधना कशी असे?

आधी आचरण: संयम, धैर्य, न्याय. मग शुद्धी, म्हणजे राग आणि वासना यांची पकड सैल करणे. त्यानंतर चिंतनाने मन आत वळवायचे. शेवटी सर्वांच्या मुळाशी असलेल्या ‘एका’शी एकरूप व्हायचे. शिल्पकार दगडातला नको तो भाग काढत जातो, तसे स्वतःला घडवावे, असे प्लॉटायनस सांगतो. नवे काही मिळवायचे नसते, जास्तीचे टाकायचे असते. पॉर्फिरी सोबत असताना त्याला हा एकरूपतेचा अनुभव चार वेळा आला, असे पॉर्फिरी लिहितो.

प्लॉटायनस मांस खात नसे. स्वतःचे चित्रही त्याने काढू दिले नाही. रोगाटियानस या सिनेटरने त्याच्या प्रभावाने संपत्ती आणि पद सोडले, तो एक दिवसाआड जेवू लागला.

शरीर दुय्यम, मग जगायचे कशाला?

हा प्रश्न त्या घरातच उभा राहिला. पॉर्फिरीच्या मनात आयुष्य संपवण्याचे विचार येऊ लागले. प्लॉटायनसने ते ओळखले आणि तो स्वतः त्याच्याकडे गेला. हा विचार विवेकातून नव्हे, मनाच्या आजारातून आला आहे, असे सांगून त्याने प्रवासाला जाण्याचा सल्ला दिला. पॉर्फिरी सिसिलीला गेला आणि बरा झाला. आज प्लॉटायनसचे लेखन आणि चरित्र आपल्यापर्यंत पोहोचले, ते याच पॉर्फिरीमुळे.

प्लॉटायनसच्या घरी अनाथ मुलेही असत. अनेक जण मृत्यूपूर्वी आपली मुले आणि मालमत्ता त्याच्या हवाली करत. तो त्यांचे हिशेब बारकाईने तपासत असे. मुले तत्त्वज्ञ होईपर्यंत त्यांची मिळकत सुरक्षित राहिली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. शरीराची ओढ सोडणे म्हणजे माणसांची जबाबदारी टाकणे नव्हे, हे त्याच्या वागण्यातून दिसते.

भारताशी संबंध आहे का?

भारतीय आणि पर्शियन तत्त्वज्ञान जाणून घेण्यासाठी प्लॉटायनस २४३ मध्ये सम्राट गॉर्डियन तिसरा याच्या मोहिमेत सामील झाला. सम्राट वाटेतच मरण पावला आणि तो कसाबसा जीव वाचवून परतला. त्याचा ‘एक’ आणि अद्वैत वेदान्तातले ब्रह्म यांची तुलना अभ्यासक करतात. पण साम्य म्हणजे थेट प्रभावाचा पुरावा नव्हे.

पुढे काय झाले?

नंतरच्या काळात आयाम्ब्लिकसने चिंतनाला धार्मिक विधींची जोड दिली. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या काळात अथेन्समधले तत्त्वज्ञानाचे अध्यापन बंद पडले. विचार मात्र ख्रिस्ती, इस्लामी आणि ज्यू परंपरांत झिरपत राहिला. विसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासक पिएर आदो याने प्राचीन तत्त्वज्ञान ही मुळात जगण्याची रीत होती, हे पुन्हा ठळकपणे मांडले.