सुरीवाल्या मॅकीचं गाणं

पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने १९७८ साली रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. अंकुशच्या भूमिकेत रॉक संगीत गाणारा नंदू भेंडे होता आणि झारणच्या भूमिकेत माधुरी पुरंदरे. हे नाटक बर्टोल्ट ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वर बेतलेलं आहे, हे आपल्याकडच्या नाट्यरसिकाला माहीत असतं. पण ब्रेख्तचं नाटकही मुळात दुसऱ्या एका नाटकावर उभं होतं. आणि त्यातलं जे गाणं पुढे जगभर गाजलं, ते तालमी संपत आल्या तरी लिहिलेलंच नव्हतं.

या घराण्याचा मूळ पुरुष लंडनचा. जॉन गे नावाच्या कवीचं ‘द बेगर्स ऑपेरा’ २९ जानेवारी १७२८ रोजी रंगमंचावर आलं. लंडनच्या उच्चभ्रू वर्गाला तेव्हा इटालियन ऑपेराचं वेड होतं. गेने त्या ऑपेरातले राजे आणि देव बाजूला सारले आणि त्यांच्या जागी दरोडेखोर, खिसेकापू, वेश्या आणि चोरीचा माल घेणारे आणून बसवले. त्यांच्या तोंडी त्याने ६९ गाणी घातली आणि चाली घेतल्या त्या लोकांच्या ओठांवर असलेल्या. काही रस्त्यावरच्या, काही दारूच्या गुत्त्यातल्या. हेंडेलच्या ऑपेरातली एक कूचसुद्धा त्याने उचलली. आपल्याकडे किर्लोस्करांनी पुढे संगीत नाटकांत प्रचलित चालींवर पदं रचली, तीच ही युक्ती, दीडशे वर्षं आधीची. पहिल्याच हंगामात ६२ प्रयोग झाले. त्या काळच्या लंडनमध्ये हा पराक्रमच होता.

नायक मॅकहीथ हा दरोडेखोर. त्याला पकडून देणारा पीचम चोरांकडून माल घेतो आणि सोयीचं झालं की त्यांनाच फासावर चढवतो. हे पात्र गेने हवेतून आणलेलं नव्हतं. जोनाथन वाइल्ड नावाचा माणूस लंडनमध्ये हाच धंदा करत होता आणि १७२५ साली तो स्वतः फासावर गेला होता. गेचा खरा रोख मात्र त्याच्याही वर, थेट पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलवर होता. प्रेक्षकांना तो कळला आणि वॉलपोललाही कळला. गेच्या पुढच्या नाटकावर बंदी आली.

‘द बेगर्स ऑपेरा’ १९२० साली लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये पुन्हा उभं राहिलं आणि काही वर्षं अखंड चाललं. त्याची कीर्ती बर्लिनला पोचली. ब्रेख्तची सहकारी एलिझाबेथ हाउप्टमान हिने ते जर्मनमध्ये उतरवायला घेतलं. तिच्या कष्टांवर ब्रेख्तचं नाटक उभं आहे, आणि तिचं नाव घेतल्याशिवाय ही कथा सांगणं मला गैर वाटतं. त्याच सुमारास एर्न्स्ट योसेफ आउफ्रिश्ट या तरुण निर्मात्याने शिफबाउअरडाम थिएटर भाड्याने घेतलं होतं. त्याला उद्‌घाटनासाठी नाटक हवं होतं. तारीख ठरलेली होती, ३१ ऑगस्ट १९२८. ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्सला जाऊन लिहीत बसले.

तालमींत एकामागून एक संकटं आली. नायिका पॉलीचं काम करणाऱ्या नटीचा नवरा वारला. दुसऱ्या एका नटीला अपेंडिक्सने गाठलं. मॅकहीथचं, म्हणजे मॅकीचं, काम हाराल्ड पाउल्सेन या देखण्या ऑपेरेटा-नटाकडे होतं. त्याला गळ्यात निळा बो हवाच होता. शिवाय आपल्या प्रवेशाआधी प्रेक्षकांची उत्सुकता वाढवणारं एखादं गाणं हवं, असाही त्याचा हट्ट होता. ब्रेख्तने दोन्ही मान्य केलं. निळा बो राहू दे, हा जितका गोंडस दिसेल तितका बरा, फक्त त्याआधी त्याची पापं कुणीतरी मोजून दाखवली पाहिजेत. मग ब्रेख्तने शब्द लिहिले आणि वाइलने घाईघाईने चाल लावली. गाणं मात्र पाउल्सेनच्या वाट्याला आलं नाही. ते गेलं कुर्ट गेरोन या धिप्पाड नटाकडे, रस्त्यावरच्या गायकाच्या तोंडी.

या गायकांची जर्मनीत जुनी परंपरा होती. जत्रेत एक जण फळा उभा करायचा. त्यावर खून, दरोडे, फाशी यांची चित्रं रांगेने काढलेली असायची. तो छडीने एकेक चित्र दाखवायचा आणि त्याची हकिकत गायचा, पिंगुळीचे चित्रकथी चित्रामागून चित्र दाखवत रामकथा गातात तसा. ब्रेख्तने हाच साचा घेतला. कडव्यागणिक एक गुन्हा: नदीकाठी पडलेलं प्रेत, बेपत्ता झालेला श्रीमंत, सोहोतल्या आगीत जळालेली मुलं, अत्याचार झालेली एक अल्पवयीन विधवा. प्रत्येक वेळी मॅकी जवळपास असतो आणि त्याला काहीच ठाऊक नसतं.

वाइलची चाल ऐकून पाहावी. ग, प, ध असे तीन स्वर चढतात, धैवतावर टेकतात आणि पुन्हा तेच. षड्जावर येऊन गाणं सुखाने बसत नाही. चाल इटुकली आणि गोड. तीच कडव्यामागून कडवं फिरत राहते, कुठेही आवाज चढवून रडत नाही. मुलं जळाली हे सांगतानाही ती तशीच गोड राहते. माझ्या मते या गाण्याची सगळी ताकद इथे आहे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो शब्दांनी, आणि त्याचा पाय ठेका धरतो चालीमुळे.

पहिल्या रात्री गेरोनने हाताने फिरवायच्या वाद्यपेटीचा दांडा फिरवला, तर पेटी वाजेचना. पहिलं कडवं त्याला साथीविना गावं लागलं. दुसऱ्यापासून वाद्यवृंदाने सांभाळून घेतलं. प्रेक्षकही बराच वेळ थंड होते. दोन माजी सैनिकांच्या गाण्यापाशी नाट्यगृह एकदम पेटलं आणि नाटक तरलं. वाइलची बायको लोटे लेन्या त्या रात्री जेनी या वेश्येचं काम करत होती. छापील पत्रिकेतून तिचंच नाव गळलं होतं. वाइल एवढा संतापला की तो तिला रंगमंचावर जाऊ द्यायला तयार नव्हता. तीच गेली, आणि त्या भूमिकेने तिचं नाव केलं.

१९३३ साली नाझी आले आणि नाटक बंद पडलं. ब्रेख्त आणि वाइल दोघेही देश सोडून गेले. गेरोन ज्यू होता. तो पॅरिस आणि हॉलंडमार्गे पळाला, तरी पकडला गेला. तेरेझिनच्या छळछावणीत, ही वस्ती किती सुखाची आहे असं दाखवणारा चित्रपट त्याच्याकडून करून घेतला गेला. नंतर १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये ऑश्विट्झमध्ये त्याला मारण्यात आलं. हे गाणं पहिल्यांदा ज्या गळ्यातून आलं, त्याचा शेवट असा झाला.

वाइल १९५० साली न्यूयॉर्कमध्ये वारला. त्यानंतर मार्क ब्लिट्झस्टाइनने नाटक इंग्रजीत आणलं. १९५४ साली ग्रिनिच व्हिलेजमधल्या छोट्याशा थिएटर द लिसमध्ये ते लागलं. लेन्या पुन्हा जेनी झाली. मध्ये खंड पडला, पण पुन्हा सुरू झालेलं नाटक १९६१ पर्यंत चाललं. इंग्रजी रूपात शेवटची दोन कडवी, आगीचं आणि विधवेचं, गळाली. जी उरली ती ऐकायला सोपी होती. १९५५ साली लुई आर्मस्ट्राँगने गाणं ध्वनिमुद्रित केलं. असली माणसं आपण न्यू ऑर्लिन्समध्ये पाहिली आहेत, असं तो म्हणाला होता. गाण्याच्या अखेरीस मॅकीच्या बायकांची यादी येते. तिच्यातल्या जेनी डायव्हर, सूकी टॉड्री या गेच्या १७२८ सालच्या नाटकातल्या वेश्या. आर्मस्ट्राँगने गाता गाता त्यांच्यात समोर हजर असलेल्या लोटे लेन्याचंही नाव घातलं. बर्लिनच्या पत्रिकेतून गळलेलं नाव अशा रीतीने थेट गाण्यातच जाऊन बसलं.

बॉबी डॅरिनने १९५९ साली हाच पाठ उचलला, लेन्याच्या नावासकट. त्याच्या आवृत्तीत स्वर कडव्यामागे अर्ध्या सुराने वर सरकतो आणि मागे ब्रास वाद्यांचा धडाका वाढत जातो. नऊ आठवडे ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. डॅरिनचा गळा मला आवडतो, पण त्याचा मॅकी हा मैफलीतला रुबाबदार पाहुणा आहे. त्याच्या हाताला रक्त लागलेलं नाही. मूळ चव हवी असेल त्याने ब्रेख्तने स्वतः गायलेलं १९२९ चं ध्वनिमुद्रण शोधावं. आवाज किरटा, ‘र’ घोळवून उच्चारलेला, सुराची फारशी पर्वा नाही, आणि प्रत्येक शब्द कानात रुतणारा.

१९६० च्या फेब्रुवारीत एला फिट्झजेराल्ड पश्चिम बर्लिनच्या डॉइशलांडहाल्लेमध्ये, म्हणजे गाण्याच्या जन्मगावी, ते गायला उभी राहिली. अर्ध्यावर तिला शब्द आठवेनात. ती थांबली नाही. आपण शब्द विसरलो हेच तिने त्याच चालीत गायलं, आर्मस्ट्राँगची आणि डॅरिनची नावं गुंफली आणि आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कलही केली. गुन्ह्यांची यादी पार नाहीशी झाली, चाल तेवढी राहिली आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. त्या विसरलेल्या गाण्यासाठी तिला ग्रॅमी मिळालं.