पाय : घाटवळणाचे गणित

वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर म्हणजे पाय. भास्कराचार्यांनी ११५० मधील 'लीलावती'त त्यासाठी ३९२७/१२५० हे सूक्ष्म व २२/७ हे व्यवहारोपयोगी मान दिले. पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळीसारख्या घाटात या मानाचे महत्त्व ध्यानी येते. अर्धवर्तुळाची लांबी पाय गुणिले त्रिज्या एवढी असते. रस्त्याच्या दोन कडांच्या त्रिज्यांतील फरक म्हणजे त्याची रुंदी. म्हणून ७ मीटर रुंद रस्ता अर्धवर्तुळात वळल्यास बाहेरील कडा आतील कडेपेक्षा सुमारे २२ मीटर लांब भरते, मग वळण लहान असो वा मोठे. बाहेरील बाजूस दरी असताना संरक्षक कठड्याचा अंदाज आतील कडेवरून बांधल्यास तेवढाच कठडा अपुरा पडेल.