शोकेसची मागची फळी

मंगळवेढ्यात सेट दुरुस्त करणाऱ्याची सुगी ज्वारीच्या सुगीमागोमाग येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मालदांडी काढणीला येते, मळणी सुरू होते आणि भुसकट अन् काळ्या रानाची बारीक माती गावभर उडते. त्यानंतर पारा चाळिशी ओलांडतो. धूळ आधी येऊन जाळीत बसते, ऊन मागून येतं. एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर जळलेल्या आउटपुटची आणि फुगलेल्या कंडेन्सरची रांग लागते. इथल्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी दुकानात म्हणालो होतो की त्यातला थोडा मान आमच्या धंद्यालाही पाहिजे.

मी रेडिओ मेकॅनिक. आता पोरं मला होम थिएटरवाले काका म्हणतात, पण शिकलो ते व्हॉल्व्हच्या सेटवर. लोक सांगतात, आधी रेडिओ होता, मग टेप आला, मग डेक, मग फाइव्ह पॉइंट वन. हा झाला गिऱ्हाइकाचा इतिहास. मेकॅनिकला तो वेगळा दिसतो: आवाज वाढला की आतली ऊब वाढते, आणि ती कुठून बाहेर काढायची हे दर पिढीला नव्याने शोधावं लागतं.

व्हॉल्व्हचा रेडिओ घरात आला तेव्हा घरं माळवदाची होती. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. बाहेर बेचाळीस अंश असले तरी आत माणूस दुपारी झोपू शकायचा. रेडिओ भिंतीतल्या देवळीत नाहीतर फळीवर असायचा, अंगावर भरतकामाचा रुमाल. मर्फी, बुश, फिलिप्स, सगळ्यांच्या पाठीला भोकं पाडलेला पुठ्ठा होता, आणि सेट भिंतीला चिकटवू नका म्हणून कंपन्या बजावत असत. १९६३ साली सांगली आकाशवाणी सुरू झाली आणि आमच्या भागाला जवळचं केंद्र मिळालं. घरात रेडिओ ठेवायला लायसन लागायचं, टपाल कचेरीत पैसे भरून ते दरवर्षी नवं करायचं. ही कटकट १९८० च्या दशकात संपली. तोवर वीज नसलेल्या गावांत रेडिओ जाड कोरड्या बॅटऱ्यांवर चालत. त्या सेटांना उष्णतेचा त्रास असा नव्हताच. घर थंड, सेट लहान.

त्रास सुरू झाला तो भोंग्याने. लग्न, कीर्तन, निवडणूक, माचणूरची महाशिवरात्र, दिवाळीत हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा: सगळीकडे मंडपवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर आणि झाडाला बांधलेला कर्णा. त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुटला ईएल ३४ नाहीतर ८०७ नंबरचे व्हॉल्व्ह असत. ईएल ३४ ची नुसती फिलामेंट ६.३ व्होल्टवर दीड अँपिअर ओढते, म्हणजे साडेनऊ वॅट. असे चार व्हॉल्व्ह लावले की एकाने 'हॅलो माइक टेस्टिंग' म्हणायच्या आधीच अडतीस वॅटची शेगडी पेटलेली. प्लेटची उष्णता वेगळी, ट्रान्सफॉर्मरची वेगळी. मंडपवाले अ‍ॅम्प्लिफायर बाजेखाली ठेवायचे, वरचा पत्रा काढून टाकायचे. एका बहाद्दराने ऐन लग्नात ओलं पोतं त्यावर टाकलं. थेंब तापल्या काचेवर पडला, व्हॉल्व्ह तडकला, आणि मंगलाष्टका भटजींना घसा फोडून म्हणाव्या लागल्या. माझे उस्ताद तेव्हापासून प्रत्येक मंडपवाल्याला सांगायचे, "वारा दे, पाणी देऊ नको."

दुसरी गोष्ट विजेची. संध्याकाळी व्होल्टेज पार खाली बसायचं, आणि रात्री शेतपंप बंद झाले की एकदम उसळायचं. कीर्तन रंगात यायची वेळ नेमकी तीच. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला वार्निशचा जळका वास यायला लागला की उस्ताद विणेकऱ्याच्या मागून जाऊन हळूच आवाज उतरवायचे.

ट्रान्झिस्टर आला तेव्हा वाटलं, सुटलो. फिलामेंट नाही म्हणजे शेगडी नाही. पण पहिले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते, एसी १२८ सारखे, आणि जर्मेनियमला ऊन सोसत नाही. आतलं तापमान नव्वद अंशांच्या आसपास गेलं की त्याची सहनशक्ती संपते. तापला की गळती वाढते, गळती वाढली की अजून तापतो, आणि स्वतःच्याच उष्णतेने जळून जातो. पुण्यामुंबईच्या हवेत जो सेट बरा चालला, तो इथे वैशाखात पत्र्याखाली दम टाकायचा. सिलिकॉनचा २एन ३०५५ हाती आला तेव्हा खरी सुटका झाली. आत दोनशे अंशांपर्यंत सोसणारा, जाड धातूच्या अंगाचा. त्याचं अंग हेच त्याचं कलेक्टर, म्हणून हीटसिंकवर बसवताना मध्ये मायकाची चकती आणि दोन्ही बाजूंनी पांढरी पेस्ट. ही पेस्ट म्हणजे आमच्या धंद्याची कसोटी. जाड थापली तर तीच उष्णता अडवते. चकतीतून धातू पुसट दिसेल इतकीच लावायची. कारागीर कसा आहे हे मी अजूनही सेट उघडून पेस्ट बघून ओळखतो.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि आवाज मंडपातून घरात शिरला. गायक शिंदे घराण्याची मुळं मंगळवेढ्यातली, त्यामुळे प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेटी गावात नुसत्या ऐकल्या जात नव्हत्या, मिरवल्या जात होत्या. डेकला दोन मोठे बॉक्स पाहिजेत, बॉक्समध्ये बारा इंची वूफर पाहिजे. आम्ही एलए ४४४० नंबरचा आयसी, बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याची पेटी घेऊन सेट बांधून द्यायचो. आयसी छोटा, पण पाठीला अ‍ॅल्युमिनियमची चांगली पट्टी नसेल तर तासाभरात आवाज फाटायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, स्पीकर गेला. स्पीकर धडधाकट असायचा.

त्याच काळात घरंही बदलली. माळवदं पाडून स्लॅब पडले. या बदलाकडे आमच्या धंद्यात कोणी नीट पाहिलं नाही, माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा होता. माळवद ऊन आत येऊच देत नव्हतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत सोडतो. जेवणं उरकून मंडळी सिनेमा लावायला बसतात, तेव्हा खोलीच छत्तीस-सदतीस अंशांवर असते. त्यात बैठकीत सागवानी शोकेस आलं, मागे फळी आणि पुढे काचेचं दार. धूळ बसू नये म्हणून दार बंद, आणि आत, वरच्या कप्प्यात, पाच आवाजांचा अ‍ॅम्प्लिफायर.

डीव्हीडीबरोबर फाइव्ह पॉइंट वन घराघरांत आलं. ते गणित सरळ आहे. आपल्याकडचे बहुतेक सेट एबी वर्गाचे. असा अ‍ॅम्प्लिफायर कागदावर जास्तीत जास्त साडेअठ्ठ्याहत्तर टक्के वीज आवाजात घालू शकतो, प्रत्यक्षात बराच कमी; उरलेली सगळी उष्णता. दोन आवाजांऐवजी पाच झाले, पेटी तेवढीच राहिली. वर कंडेन्सर. त्याचा हिशेब पाठ करून ठेवावा: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणून मी पंच्याऐंशी अंशांचे काढून एकशे पाच अंशांचे टाकतो. फरक थोड्या रुपयांचा असतो, पण गिऱ्हाइकाला तो सांगून पटत नाही, कारण त्याने आवाज वाढत नाही.

अलीकडे पुण्याला नोकरीला असलेली मुलं वडिलांसाठी मोठा रिसीव्हर पाठवतात. परवाच एका निवृत्त शिक्षकांनी बोलावलं. सिनेमा रंगात आला की सेट आपोआप बंद पडतो, म्हणाले. पाहिलं तर नव्या सेटला मुलाने चार ओहमचे जुने बॉक्स जोडलेले. आठच्या जागी चार ओहम म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट. सेट स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडत होता, बिघाड काहीच नव्हता.

"मग नवीन घ्यावा का?" गुरुजींनी विचारलं.

"आधी ही फळी काढू, गुरुजी."

"सागवान आहे हो ते!"

"मागचं प्लाय आहे."

फळी निघाली. वरच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरचे दोन बारा व्होल्टचे पंखे बसवले, हवा बाहेर ओढणारे, कारण गरम हवा आपसूक वर जाते आणि तिला फक्त वाट हवी असते. खाली फटीला धुऊन काढता येईल अशी स्पंजची जाळी. पंख्यांना बारा व्होल्टऐवजी सात-साडेसात दिले की घरघर ऐकू येत नाही. पंचेचाळीस अंशांना जोडणी करणारा थर्मोस्टॅट मध्ये टाकला, म्हणजे थंडीत पंखे फिरत नाहीत. सेटच्या डोक्यावर चार बोटं मोकळी जागा ठेवली, वरचा सेट टॉप बॉक्स हलवला. मग खालचे सूर ऐंशी हर्ट्झपासून वेगळे करून सबवूफरकडे वळवले. त्याला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्यामुळे रिसीव्हरच्या अंगावरचं जड काम उतरतं. शेवटी आठ ओहमचे बॉक्स. गुरुजींनी त्याच संध्याकाळी एक जुना युद्धपट पूर्ण पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून तोफांबद्दल तक्रार केली: शेजारी येऊन गेले होते.

शेजाऱ्यांवरून आठवलं, डीजेच्या गाड्यांचं काम मी घेत नाही. त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर पंख्याने मिरवणुकीची सगळी धूळ आणि गुलाल आत ओढतात, हे एक कारण. दुसरं कारण माझे कान. रात्री दहानंतर आवाज बंद, हा नियम २००० सालापासून आहे. पण नियम सांगणारा मेकॅनिक कोणाला आवडतो?

आता साउंडबार आले. आत डी वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर, नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज आवाजातच जाते. हात लावला तर कोमट. हीटसिंक नावापुरता, जाळी नाही, आणि बिघडला तर उघडायला नीट स्क्रूही नाही. माझ्याकडे शिकणारा मुलगा साउंडबारला हातच लावत नाही. तो सौरपंपाचे कंट्रोलर दुरुस्त करतो. ते रानात, लोखंडी पेटीत, उन्हात टांगलेले असतात. पंख्यात भुसकट अडकतं, पेस्ट वाळते, आउटपुट जातं. गेल्या हंगामात तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावांतून इतके आले की त्याने माझं निम्मं टेबल घेतलं.