२१४७४८३६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ च्या ३१व्या घातातून १ वजा केला की मिळणारी मूळ संख्या. अशा, म्हणजे मर्सेन मूळ संख्यांमध्ये तिचा क्रमांक आठवा.

मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६४४ मध्ये या प्रकारच्या मूळ संख्यांसाठी घातांकांची यादी छापली. तीत ३१ होता, पण सिद्धता नव्हती. आणि यादीतले ६७ व २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले. ३१ ची सिद्धता लेओनार्ट ऑयलरने १७७२ मध्ये जाहीर केली. तिच्यातली काटकसर पाहण्यासारखी आहे. संख्येचे वर्गमूळ ४६,३४० हून थोडे अधिक, म्हणजे सरळ मार्गाने गेल्यास त्याखालच्या ४,७९२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते.

समजा प हा मूळ विभाजक आहे. मग २ च्या ३१व्या घाताला प ने भागल्यास बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयानुसार २ च्या (प – १)व्या घाताचीही बाकी १. घातांक ३१ स्वतः मूळ असल्याने त्याने (प – १) ला भाग गेलाच पाहिजे. प विषम, म्हणून ६२ नेही भाग जातो. शिवाय २ च्या ३२व्या घाताची बाकी २ येते, आणि तो घात पूर्ण वर्ग आहे. हे जमायला प ला ८ ने भागून १ किंवा ७ च उरावे लागतात. दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजक २४८क + १ किंवा २४८क + ६३ याच साच्यातला असू शकतो. येथवर एकही भागाकार झालेला नाही! १,३०० च्या आतल्या २११ मूळ संख्यांपैकी या चाळणीतून एकटी ३११ उरते. तिने भागल्यास बाकी ३५. एकंदरीत शंभराहून कमी भागाकारांत काम आटोपते.

हिच्यापासून आठवी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या, मिळते: २३०५८४३००८१३९९५२१२८. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, असे पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहिले. असल्या संख्यांचा उपयोग नाही, तेव्हा शोधणार कोण, हा त्याचा हिशेब. तो चुकला, आणि उपयोगाच्या बाबतीतही काळाने त्याची जिरवली.

चिन्हासहित ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या २१४७४८३६४७ हीच. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी जुनी संगणकप्रणाली भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी तिच्यापाशी पोहोचेल. पुढच्या सेकंदाला गणती ऋण होऊन तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. यादृच्छिक वाटणारे आकडे काढण्याच्या एका प्रसिद्ध रीतीत आधीच्या आकड्याला १६,८०७ ने गुणून या संख्येने भागतात व बाकी घेतात. १ पासून निघाल्यास १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असे आकडे येतात आणि २,१४,७४,८३,६४६ पायऱ्यांनंतरच १ पुन्हा दिसतो.

हीच संख्या घातांक म्हणून घेऊन २ च्या घातातून १ वजा केला, तर ६४ कोटींहून अधिक अंकांची संख्या तयार होते. ती मात्र मूळ नाही. २९५२५७५२६६२६०३१ ने तिला भाग जातो.