पराभव नसलेली निवडणूक

बंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरम येथे मतदानाच्या दिवशी जी रांग लागते, तीत कन्नड, तेलुगू, तमिळ, मराठी अशा अनेक भाषा कानी पडतात. आत यंत्रावर उमेदवारांची नावे एकाखाली एक असतात. २०१३ पासून त्यांतील कोणीही नको, असे सांगण्याचीही सोय आहे. कोण निवडून येणार हे त्या क्षणी कोणासच ठाऊक नसते. ही अनिश्चितता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिचे मोल ध्यानात येत नाही. ते कळावे म्हणून, श्रोतेहो, आपण पश्चिम किनाऱ्यावरील गोमंतकात, आणि तेही सालाझारच्या राजवटीतील गोमंतकात जाऊ.

पोर्तुगालमध्ये १९३० साली ‘राष्ट्रीय संघ’ नावाची संघटना सरकारी आशीर्वादाने निघाली. १९३३ च्या राज्यघटनेनंतर तिच्यावाचून दुसऱ्या पक्षास कायदेशीर स्थान उरले नाही. तरीही १९३४ पासून लिस्बनच्या राष्ट्रीय सभेसाठी निवडणुका होत राहिल्या आणि गोमंतकातूनही प्रतिनिधी जात राहिले. मतदारयाद्या होत्या, मतपेट्या होत्या, निकालही जाहीर होत. मात्र साक्षरतेच्या आणि कराच्या अटींमुळे सामान्य कुळवाडी त्या याद्यांबाहेरच राही. आणि निकाल कधी चुकत नसे.

मग हा खटाटोप कशासाठी? १९४५ मध्ये महायुद्ध संपले, लोकशाही राष्ट्रे विजयी झाली. जगापुढे उभे राहण्यासाठी सालाझारला निवडणुकीचे वस्त्र हवे होते. विरोधकांना थोडी मोकळीक मिळाली. पण प्रचाराला अवधी अपुरा आणि पोलिसांचा पहारा कायम. अखेर त्यांनी माघार घेतली आणि १२० च्या १२० जागा राष्ट्रीय संघाकडे गेल्या. त्याच सभेत गोमंतकाचे प्रतिनिधी म्हणून नामांकित जंतुशास्त्रज्ञ फ्रॉयलानो द मेलो १९४९ पर्यंत बसले. व्यक्ती विद्वान होती. परंतु ज्या सभेत सरकार हरूच शकत नाही, तिथे विद्वत्तेचा तरी काय इलाज?

लिस्बनमध्ये ही सभा भरत असतानाच, १८ जून १९४६ रोजी, डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावी नागरी स्वातंत्र्याची हाक दिली. त्या चळवळीत पकडलेल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना आठ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. गोमंतकाचा खरा आवाज सभागृहात नव्हे, तुरुंगात होता.

१२ नोव्हेंबर १९६१ रोजी राष्ट्रीय संघाने पुन्हा एकवार सर्व जागा जिंकल्या. सदतीस दिवसांनी गोमंतक मुक्त झाले. डिसेंबर १९६३ मध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली विधानसभा निवडून आली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांचा पक्ष गोवा महाराष्ट्रात विलीन करू इच्छीत होता. त्यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. तो निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, विरुद्ध बाजूस १,७२,१९१.

अनेक मराठी मनांना तो कौल जिव्हारी लागला. पण बांदोडकरांनी तो मानला, लोकांसमोर पुन्हा उभे राहिले, आणि मार्चमधील निवडणुकीत त्याच लोकांनी त्यांना सत्तेवर बसविले. सालाझारच्या उमेदवारांना असा पराभव कधी भेटला नाही. म्हणूनच असा विजयही त्यांच्या वाट्याला आला नाही.