शिक्षक-प्रशिक्षण, विद्यापीठीय
माध्यमिक शाळांसाठी शिक्षक तयार करण्याचे कार्य भारतीय विद्यापीठांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाती घेतले. मद्रास विद्यापीठाने १८८६ मध्ये एल्.टी. ही अध्यापनाची पदवी सुरू केली. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीतील १९०४ च्या शैक्षणिक ठरावात पदवीधर शिक्षकांसाठी एक वर्षाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम सुचविण्यात आला. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ मध्ये निघाले. मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम्.एड्. ही पदव्युत्तर पदवीही ठेवली.

प्राथमिक शिक्षक मात्र या व्यवस्थेबाहेरच राहिले. मुंबई प्रांतात व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा देऊन अध्यापनाकडे वळणाऱ्यांना विद्यापीठाची वाट जवळजवळ बंदच होती. लहान मुलांना शिकविण्यास पदवीची आवश्यकता नाही, हे त्यामागील गृहीतक वेतनात आणि प्रतिष्ठेतही उतरले. शिक्षक-प्रशिक्षण हे विद्यापीठीय जीवन व शाळा या दोहोंपासून तुटलेले आहे, असे कोठारी आयोगाने (१९६४–६६) नमूद केले.

विषयज्ञान व अध्यापनशास्त्र यांची सांगड घालणारे चार वर्षांचे अभ्यासक्रम अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांत १९६३ नंतर सुरू झाले. पण त्यांचाही रोख माध्यमिक शाळांकडेच होता. प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांची बी.एल्.एड्. पदवी दिल्ली विद्यापीठाने १९९४ मध्ये आणली. एरवी महाराष्ट्रात बारावीनंतरची पदविकाच रूढ राहिली. बी.एड्. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकपदासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान अर्हता करण्यासाठी २०३० ची मुदत ठेवली.