लहरी सार्वजनिक, कार्यक्रम नव्हे

‘वाहिनीने एकदा घराघरांत दाखवले, आता ते सगळ्यांचेच!’ टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवणारा बहुधा हेच म्हणतो. थोडे वाचलेला माणूस सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकालही पुढे करतो: क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात प्रक्षेपणाच्या लहरी सार्वजनिक मालमत्ता ठरल्या. ठरल्या, हे खरेच. पण वाद होता तो लहरींवरील सरकारी मक्तेदारीचा. उलट १९९३ च्या हिरो कप सामन्यांचे हक्क संघटनेने एका परदेशी कंपनीला विकले होते, म्हणून तर तंटा पेटला. मालकीच नसती तर विकले काय असते?

कॉपीराइट कायद्याचे कलम ३७ प्रसारण संस्थेला २५ वर्षांचा स्वतंत्र हक्क देते. शिवाय रेकॉर्ड केलेली मालिका कायद्याने चित्रपटच. तिच्यावर निर्मात्याचा हक्क ६० वर्षे. बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ घ्या. दूरदर्शनवर ते १९८८ ते १९९० मध्ये लागले. त्या मूळ प्रसारणावरचा हक्क २०१५ अखेर संपला, तरी मालिका मोकळी झालेली नाही. निर्मात्याचा हक्क शाबूत आहे.

‘पण मी पैसे कमावत नाही, खाली श्रेयही देतो.’ कलम ३७ मध्ये पैशाचा प्रश्न येतो तो शुल्क घेऊन दाखवण्यात आणि विक्री-भाड्यात. विनापरवाना पुनःप्रसारणाला आणि रेकॉर्डिंगला तशी अट नाही, आणि श्रेय म्हणजे परवाना नव्हे. अमुक सेकंद चालतात, हा नियमही कायद्यात कुठेच नाही. इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या खटल्यात २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने गप्पांच्या कार्यक्रमात गायिकेने गायलेल्या ओळींचा वापर क्षुल्लक ठरवला, तोही नुकसान किती आणि हेतू काय हे तपासून.

या गैरसमजाची मला चीड येते, कारण त्यापायी खरा बचाव झाकला जातो. तो कलम ३९ मध्ये आहे: स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ अध्यापन-संशोधनासाठी रेकॉर्डिंग, आणि चालू घडामोडींचे वार्तांकन वा प्रामाणिक समीक्षा यांत रास्त प्रमाणात उतारे. बातमीपत्राचा तुकडा वर्गात दाखवून त्यातली भाषा तपासणारा शिक्षक या कलमावर भक्कम उभा राहू शकतो. त्यानेही ‘सगळ्यांचेच आहे’ म्हटले, तर वाहिनीचा वकील तेवढेच खोडून काढेल. म्हणून नोटिशीच्या उत्तरात तुकडा कशासाठी घेतला, केवढा घेतला आणि त्यावर आपण काय भाष्य केले, हे आधी लिहावे.